दानीएलाच्या दप्तराची तपासणी

वाचनासाठी शास्त्रभाग : दानीएल १:१-२१ आणि ६:१-१०



"आजच्या संस्कृतीत शिष्य म्हणून कसे जगावे" हा विषय आपल्या तरुणांच्या सभेत निघाला की पहिल्या दहा मिनिटांत काय येणार हे मला आता पाठ झाले आहे. सिनेमा पाहावा का, टॅटू काढावा का, शेजारच्या काकूंनी आणून दिलेला प्रसाद घ्यावा का, गॅदरिंगमध्ये नाचावे का, इन्स्टाग्रामवर किती वेळ घालवावा. हे प्रश्न खोटे नाहीत. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाच्या प्रश्नावर तर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात सविस्तर लिहिले आहे (अध्याय ८ ते १०). पण गेले वर्षभर मी कॉलेज सांभाळून एका ऑफिसात हिशेबाचे काम शिकत आहे आणि तिथे यांपैकी एकही प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. तिथे एवढेच सांगितले गेले : "इथे सही कर."

झाले ते असे. वर्षअखेरीस एका गिऱ्हाइकाच्या गोदामातला माल प्रत्यक्ष मोजायचा होता. त्या दिवशी कोणी गेलेच नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेले आकडे आमच्या कागदावर उतरवले गेले आणि "प्रत्यक्ष मोजणी केली" या ओळीखाली सही करण्यासाठी तो कागद माझ्यापुढे आला. मी थोडी थांबले. वरिष्ठ म्हणाले, "अगं, एवढं चालतं. सगळे असंच करतात. ॲडजस्ट कर." मी सही केली. त्याच संध्याकाळी आमच्या गटात दानीएलाचा पहिला अध्याय मी घेणार होते. आणि घेतलाही. "निश्चय" या विषयावर.

म्हणून हा अभ्यास मी शिकवणारी म्हणून लिहीत नाही. त्या रात्रीनंतर दानीएलाचे पुस्तक मला पुन्हा वाचावे लागले, तेव्हा जे दिसले ते मांडते आहे.

"संस्कृती" की "चालतं"?

आधी एक भाषेची गोष्ट. या संकेतस्थळासाठी लेखांचे भाषांतर करताना "कल्चर" या शब्दापाशी माझे नेहमी अडते. त्याला "संस्कृती" लिहिले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सण, पोशाख, लग्नातले विधी, गाणी उभी राहतात. मग आपली चर्चाही आपोआप दिवाळीच्या फराळाकडे वळते. पण पौल रोमकरांस पत्रात (१२:२) या युगाच्या साच्यात स्वतःला घालू नका असे सांगतो, तेव्हा त्याला त्याहून खोल काही म्हणायचे आहे. ज्या गोष्टींचा आपण विचारही करत नाही, ज्या सगळ्यांबरोबर वाहत जाऊन होतात, त्या. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, आणि तो शब्दकोशात शोधावा लागत नाही : "चालतं." मित्राची हजेरी लावली, चालतं. न दिलेल्या घरभाड्याची पावती कर वाचवायला जोडली, चालतं. दुकानदाराने "पक्कं बिल की कच्चं?" विचारले आणि चार पैसे वाचतात म्हणून कच्चे घेतले, चालतं. इंटर्नशिप न करताच ओळखीच्या काकांकडून प्रमाणपत्र आणले, तेही चालतं. यांपैकी कशालाच कोणी पाप म्हणत नाही. मंडळीतही नाही. प्रसादाची वाटी परत करणारी मी, त्या कागदावर सही करताना मला वाटीइतकाही विचार पडला नाही.

सण, भाषा, संगीत म्हणजेच जग, असे धरून बसणे तर आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासालाही धरून नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी भजन-कीर्तनाची आपली रीत ख्रिस्ताच्या भक्तीसाठी वापरली, आणि आजही आपण रविवारी त्यांची गीते गातो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या शेवटपर्यंत केले. या दोघांनी जे टाकायचे ते किंमत मोजून टाकले, आणि जे ठेवायचे ते प्रभूच्या पायाशी आणून ठेवले. दानीएलाकडे पाहताना हीच निवड दिसते.

त्याने काय घेतले आणि काय नाकारले

यहोयाकीम राजाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६०५ च्या सुमारास, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून काही कुलीन तरुण बाबेलास नेले. त्यांच्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता : खास्दी लोकांची भाषा आणि विद्या. शेवटी राजासमोर तोंडी परीक्षा. हॉस्टेल, मेस, अभ्यासक्रम आणि शेवटी नोकरीची हमी. परगावी शिकायला गेलेल्या आपल्यापैकी कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

दानीएलाने या सगळ्यातले बरेच स्वीकारले, हे आपण पटकन वाचून पुढे जातो. त्याचे नाव बदलून बेल्टशस्सर ठेवले गेले, आणि राजा पुढे स्वतःच म्हणतो की हे नाव माझ्या दैवताच्या नावावरून आहे (४:८). मूर्तिपूजक दैवताचे नाव कपाळी आले, तरी दानीएलाने त्यावर भांडण केल्याची नोंद नाही. बाबेलची विद्या त्याने शिकली, तीही अशी की राजाला तो इतरांपेक्षा दहापट सरस आढळला. "हे जगाचे शिक्षण आहे, मला फक्त नियमशास्त्र पुरे" असे तो म्हणाला नाही. माझ्या ओळखीत अशी मुले आहेत जी प्रार्थनासभेचे कारण सांगून प्रोजेक्ट अर्धा ठेवतात आणि मग गुण कमी पडले की त्याला छळ म्हणतात. दानीएल त्यांच्यात बसत नाही.

त्याने नाकारले ते फक्त राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस. का? शास्त्र म्हणते की त्याला विटाळ नको होता, पण विटाळ नेमका कशाने, ते उलगडून सांगत नाही. नियमशास्त्रात काही मांस निषिद्ध होते हे खरे, पण द्राक्षारस सर्वांना निषिद्ध नव्हता. ते अन्न मूर्तींना दाखवलेले असेल, किंवा राजाच्या ताटात जेवणे म्हणजे त्याच्याशी निष्ठेचे नाते जोडणे असा अर्थ असेल. आणखी एक गोष्ट पाहा. पुष्कळ वर्षांनी, दहाव्या अध्यायात, दानीएल सांगतो की तीन आठवडे त्याने मांस व द्राक्षारस घेतला नाही. म्हणजे एरवी तो घेत असणार. पंधरा-सोळाव्या वर्षी जिथे रेघ ओढली, ती आयुष्यभर त्याच जागी राहिली असे दिसत नाही. त्यामुळे "दानीएलाने शाकाहार केला, आपणही करू" असा धडा घेणे अवघड आहे.

मग घ्यायचे काय? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे वेळ. आठव्या वचनात आधी निश्चय येतो, नंतर विनंती. ताट पुढे आल्यावर तो विचार करायला बसला नाही. माझे नेमके इथेच चुकले. कागद पुढे आला, वरिष्ठ उभे आहेत, पाच वाजलेत, गिऱ्हाइकाचा फोन चालू आहे. अशा वेळी विवेकाला बोलायला जागाच उरत नाही. कशावर सही करणार नाही हे मी त्या दिवसाआधी कधी ठरवलेलेच नव्हते. चहा प्यायचा नाही हे उपासाच्या दिवशी सकाळीच ठरलेले असते. दुपारी टपरीवर उभे राहून ठरवले तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाराची रीत. खोजांच्या सरदाराने उघड भीती सांगितली : तुम्ही रोडावलेले दिसलात तर राजा माझे डोके उडवील (१:१०). तो दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. दानीएलाने ती भीती खरी मानली. आपल्या निश्चयाची किंमत दुसऱ्या कोणाला, तीही जिवाने, मोजावी लागू नये म्हणून त्याने देखरेखीच्या कारभाऱ्यापुढे एक प्रस्ताव ठेवला : दहा दिवस पाहा, मग तुम्हीच ठरवा. आवाज चढवला नाही, व्याख्यान दिले नाही. नाही म्हणताना त्याने समोरच्याच्या हाती एक वाट दिली.

पुढच्या खेपेला तसाच कागद आला, तेव्हा मी एवढेच म्हणाले, "सर, शनिवारी मला सुट्टी आहे. मी गोदामात जाऊन मोजून येते, मग सही करते." ते काही बोलले नाहीत. मी गेले, मोजले, आकडे थोडे वेगळे निघाले. त्यानंतर ते काम मला मिळणे बंद झाले. याहून मोठी साक्ष माझ्याकडे नाही.

साठ वर्षांनंतरची तपासणी

सिंहांच्या गुहेची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, आणि चित्रांत दानीएल बहुधा तरुणच असतो. पण बाबेल पडले ते इ. स. पू. ५३९ मध्ये, आणि सहावा अध्याय त्यानंतरचा. म्हणजे पहिल्या अध्यायातला मुलगा इथे ऐंशी ओलांडलेला म्हातारा आहे. मधल्या साठाहून अधिक वर्षांपैकी बहुतेक वर्षांबद्दल आपल्याला काहीच सांगितलेले नाही. तो ऑफिसला जात होता.

कोणते ऑफिस, तेही पाहा. दारयावेश राजाने १२० प्रांताधिकारी नेमले आणि त्यांच्यावर तीन अध्यक्ष. कशासाठी? प्रांताधिकाऱ्यांनी या तिघांना हिशेब द्यावा आणि राजाचे नुकसान होऊ नये (६:२). कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे वचन वाचून हसू येते, कारण हा सरळ सरळ अंतर्गत लेखापरीक्षणाचा विभाग आहे! दानीएल त्या तिघांपैकी एक होता. ज्याच्या हाताखाली चाळीसेक प्रांतांचे हिशेब असतील, त्याच्यापुढे किती कागद आले असतील, आणि "एवढं चालतं" हे त्याने बाबेलच्या भाषेत किती वेळा ऐकले असेल.

मग त्याचे शत्रू त्याच्या दप्तराची तपासणी करतात. हे मैत्रीचे ऑडिट नव्हे. काहीतरी सापडलेच पाहिजे म्हणून चाललेली ही तपासणी होती. आणि चौथ्या वचनात त्याचा निकाल दोन शब्दांत येतो : त्याच्यात भ्रष्टता सापडली नाही, आणि हयगयही सापडली नाही. आम्हाला लेखापरीक्षणात पहिल्यांदा हाच फरक शिकवतात. हेतुपुरस्सर केलेली लबाडी वेगळी आणि निष्काळजीपणाने झालेली चूक वेगळी. पण वहीत दोन्हींमुळे आकडा खोटाच होतो. आपण विश्वासणारे पहिलीबद्दल सावध असतो. "मी एक पैसा खाल्ला नाही" हे आपण अभिमानाने सांगतो. दुसरीबद्दल फारसे बोलत नाही. उशिरा दिलेला अहवाल, न तपासता पुढे ढकललेली फाइल, ऑफिसच्या वेळेत पाहिलेली रील्स. दानीएल दोन्हींत निर्दोष ठरला. पवित्र जीवन म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे उपास आणि गुडघे येत. वेळेवर आणि नीट लिहिलेली वही कधी आली नव्हती.

इथे थोडे अवांतर. हिशेबात तेरीज पत्रक, म्हणजे ट्रायल बॅलन्स, काढतात. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की नवशिक्याला वाटते, झाले, वह्या बरोबर आहेत. पण जुळलेल्या तेरजेतही चुका लपतात. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तर बेरीज जुळते. एका चुकीने दुसरी झाकली गेली तरी जुळते. यंत्र विकत घेतले आणि तो खर्च दुरुस्तीच्या खात्यात टाकला, तरीही जुळते, आणि ही तर मुळातच, तत्त्वाची चूक असते. माझ्या आत्मिक जीवनाची तेरीज त्या दिवशीही जुळतच होती. सकाळचे मनन झाले होते, दशांश दिला होता, संध्याकाळी अभ्यास घ्यायचा होता.

ही गोष्ट एकेका माणसापुरती ठेवू नये असे मला वाटते. आपल्या शिबिरांचे हिशेब कोण पाहतो? भाजीवाल्याचे बिल नाही, टेम्पोवाल्याने पावती दिली नाही, मग शेवटी "इतर खर्च" म्हणून एक गोल आकडा टाकायचा आणि सगळ्यांनी टाळी वाजवायची. कोणी खात नाही, हे मला माहीत आहे. पण यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने काय केले ते वाचा (२ करिंथ ८:१८-२१). तो स्वतः प्रेषित. त्याच्यावर संशय कोण घेणार? तरीही त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून. फक्त प्रभूपुढे नव्हे, तर माणसांपुढेही जे योग्य ते करण्याची काळजी घेतो, असे तो म्हणतो. "देवाला सगळं माहीत आहे" हे वाक्य पावतीऐवजी वापरण्याची सोय पौलाने ठेवलेली नाही.

उघडी खिडकी

तपासणीत काही मिळाले नाही, तेव्हा शत्रूंनी ठरवले की याच्या देवाच्या नियमाच्या बाबतीतच याला पकडावे लागेल (६:५). मग तीस दिवसांचा तो फर्मान काढवला. या कटातली एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. हा कट यशस्वी होण्यासाठी दानीएल प्रार्थना करणारच याची खात्री हवी होती. तो महिनाभर खिडकी लावून घेईल, मनातल्या मनात करील, "एवढं चालतं" म्हणेल, अशी थोडी जरी शक्यता असती तर राजाची सही मिळवण्याचा खटाटोप वाया गेला असता. त्याच्या शत्रूंनी आपला सगळा डाव त्याच्या विश्वासूपणावर लावला होता. माझ्याविरुद्ध असा कट कोणी रचूच शकणार नाही. माझा भरवसा कोण देणार?

आणि दहावे वचन सांगते की दानीएलाने नवे काहीच केले नाही. फर्मान निघाल्याचे कळल्यावर तो घरी गेला आणि पूर्वी करत असे तसेच दिवसातून तीनदा, यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकून त्याने आभार मानले. निषेध म्हणून खिडकी जास्त उघडली नाही, भीतीने बंदही केली नाही.

इथे एक सावधगिरी हवी. "प्रामाणिक राहा, देव बढती देईल" असे आपण फार सहज म्हणतो. पहिल्या अध्यायात तसे झाले. सहाव्यात स्वच्छ दप्तरच त्याला गुहेपर्यंत घेऊन गेले, कारण त्याच्याशी हेवा सुरू झाला तो त्याच्या चांगल्या कामामुळे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात सिंहांची तोंडे बंद करणाऱ्यांच्या पाठोपाठ करवतीने चिरले गेलेले आहेत, आणि विश्वास दोघांचाही तोच होता. ज्यांना खऱ्या सहीमुळे नोकरी गमवावी लागली असे भाऊ-बहिणी आपल्यात असतील. त्यांना "तुझा विश्वास कमी पडला" असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

राहता राहिला माझा तो पहिला कागद. मी वरिष्ठांना सांगितले की ती मोजणी मी केली नव्हती आणि सही चुकीची होती. ते म्हणाले, "जुनी फाइल आहे, सोड." ती फाइल अजून कपाटात आहे. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडत नाहीत. खाडाखोड केलेली वही संशयास्पद ठरते. जुनी नोंद तशीच राहते आणि तिच्यासाठी दुरुस्तीची वेगळी नोंद, तारीख आणि कारणासह, करावी लागते. जक्कयाने येशूसमोर तेच केले असे मला वाटते (लूक १९:८). त्याने मागचे नाकारले नाही, चौपट परत देण्याची नोंद केली. माझ्याकडे परत देण्यासारखे पैसे नव्हते. मी तारखेसह एक चिठ्ठी लिहिली, त्या फाइलमध्ये लावण्यासाठी वरिष्ठांकडे दिली आणि गटातही सांगितले. चिठ्ठी लावली गेली की नाही, मी विचारलेले नाही. विचारायला हवे.

गटात चर्चेसाठी

दानीएल १:८ पुन्हा वाचा. येत्या महिन्यात तुमच्यापुढे कोणता कागद, कोणते ताट येण्याची शक्यता आहे? त्याबद्दलचा निश्चय आज, कोणी पुढे उभे नसताना, लिहून ठेवता येईल का?

तुमच्या नकाराची किंमत कोणाला मोजावी लागेल? त्या व्यक्तीपुढे तुम्ही कोणता "दहा दिवसांचा" प्रस्ताव ठेवू शकाल?

शत्रूने तुमचे दप्तर, तुमचा मोबाइल आणि आपल्या गटाच्या शिबिराचा हिशेब तपासला, तर लबाडी नव्हे, पण हयगय कुठे सापडेल?

जुन्या कोणत्या नोंदीला दुरुस्तीची नोंद करणे बाकी आहे? हे मोठ्याने सांगण्याची गरज नाही. पण एका विश्वासू व्यक्तीला या आठवड्यात सांगा.